रेंज नसलेल्या साइटवर कामानंतरचा वेळ कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा: कंपनी तीन आठवड्यांसाठी दुर्गम भागातल्या साइटवर पाठवते आहे. जवळचं शहर काही तासांवर, मोबाइलला रेंज जेमतेम, राहायला गेस्ट हाऊस, सोबत दोन सहकारी. काम संध्याकाळी संपतं, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. या मोकळ्या वेळात करायचं काय?

यंत्रं बसवून चालू करून देणं हा माझा धंदा, आणि अशी यंत्रं बहुतेक वेळा जिथे माणसं कमी तिथेच बसतात. त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. याला लोक सरळ यादीच देतात: पुस्तकं न्या, सिनेमे डाउनलोड करा, योगासनं करा. यादीत वाईट काही नाही. पण दौऱ्यावरचा मोकळा वेळ सगळा एकाच जातीचा नसतो, हे तीत सांगितलेलं नसतं. कामाच्या मध्येच अडकून पडलेला वेळ वेगळा, संध्याकाळ वेगळी आणि अख्खा रिकामा दिवस वेगळा. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, आणि कंटाळा येतो तो बहुतेक या गल्लतीमुळे.

आधी साइटवरच्या रिकाम्या वेळाचं बोलू, कारण तो कोणी हिशेबात धरत नाही आणि निघतो मात्र सगळ्यात जास्त. शटडाऊन, म्हणजे चालू यंत्रणा बंद करून मिळणं बाकी असतं, परमिटवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर सही व्हायची असते, वारा थांबायचा असतो, पार्ट घेऊन निघालेली गाडी पोचायची असते. दहा मिनिटं जातील की तीन तास, कोणालाच ठाऊक नसतं. हा वेळ मोकळा दिसला तरी तुमचा कान हाकेकडे लागलेला असतो. अशा वेळी कादंबरी उघडली की एकच पान चार वेळा वाचून होतं. इथे अशाच गोष्टी हव्यात ज्या हाक आल्याबरोबर खाली ठेवता येतात आणि परत उचलल्यावर ‘कुठे होतो’ हे आठवावं लागत नाही. छापील शब्दकोडी चालतात, सुडोकू चालतं. माझ्या खिशात दीड मीटर दोरीचा तुकडा असतो. गाठी शिकायला याहून चांगली जागा नाही. बोलाइन ही गाठ घ्या: दोरीच्या टोकाला न सरकणारा फास तयार होतो आणि कितीही ताण आला तरी काम झाल्यावर ती सुटते. आधी बघून बांधा, मग न बघता, मग पाठीमागे हात नेऊन. तीन आठवड्यांत चार-पाच गाठी बोटांत बसतात आणि पुढे सामान बांधताना त्या कामाला येतात.

दुसरी चीज म्हणजे खिशात मावणारी कोरी वही आणि पेन्सिल. चित्रकला येत नसली तरी चालेल. समोर पडलेला एखादा षटकोनी नट काढून बघा. आपण तो रोज हाताळतो, पण काढायला बसलं की कळतं, समोरून बघताना त्याच्या दोन किंवा तीनच बाजू दिसतात, वरच्या कडा किंचित गोल घासलेल्या असतात आणि आतल्या आट्यांचा पहिला वळसाच तेवढा स्पष्ट दिसतो. अर्धा तास कुठे गेला कळत नाही. एक मात्र सांभाळा: साइटवरच्या पॅनेलचे, मांडणीचे आराखडे काढू नका, फोटोही विचारूनच काढा. बऱ्याच प्रकल्पांत त्यावर बंदी असते आणि सुरक्षा विभागाशी नको तो संवाद होतो.

आता संध्याकाळ. खरी परीक्षा तीच, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे: घरची संध्याकाळ तिथे उभी करायला जाऊ नका. व्हिडिओ अडकत अडकत बघणं, एकेक फोटो लोड व्हायची वाट पाहणं यातून करमणूक होत नाही, चिडचिड होते. त्यापेक्षा तिथे घरच्यापेक्षा जास्त काय आहे ते बघा. तीन गोष्टी हमखास जास्त असतात: अंधार, शांतता, आणि गप्पा मारायला वेळ असलेली माणसं.

अंधारापासून सुरू करतो. निघण्याआधी कॅलेंडरमध्ये तिथी बघून ठेवा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे चार-पाच दिवसांत संध्याकाळचे पहिले काही तास पूर्ण काळोखाचे मिळायला लागतात, आणि अमावास्येनंतरही दोन-तीन दिवस चंद्र लवकर मावळतो. तीन आठवड्यांच्या मुक्कामात असा पट्टा येतोच. बाहेर पडल्यावर लगेच ‘काही दिसत नाही’ म्हणून परत फिरू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा चमकला की बरीचशी मेहनत पाण्यात जाते. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा, लाल उजेडाने ही सवय फारशी मोडत नाही.

मग सप्तर्षींमध्ये वसिष्ठाजवळची अरुंधती साध्या डोळ्यांनी वेगळी दिसते का बघा. कृत्तिकांमध्ये किती तारे मोजता येतात ते बघा, बहुतेकांना सहा दिसतात. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या जवळ देवयानी दीर्घिका धुरकट डागासारखी दिसते. तो डाग सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, आणि दुर्बिणीशिवाय इतक्या लांबचं सहसा दुसरं काही दिसत नाही. त्याच्याकडे रोखून बघितलं तर तो नाहीसा होतो. नजर किंचित बाजूला ठेवली की उगवतो, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी बुबुळासमोरच्या मध्यभागी नसतात, भोवताली असतात. उत्तर गोलार्धात असाल तर ध्रुवतारा शोधा. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत जितक्या मुठी, तितके दहा अंश, आणि तेच तुमचे अक्षांश. नकाशाशी ताडून बघा, दोन-तीन अंशांच्या आत येता.

पण मला सर्वात जास्त कशाने धरून ठेवलं असेल तर गुरूच्या चंद्रांनी. एक साधी द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण लागते, १०×५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) असली की पुरे. संध्याकाळी किंवा पहाटे गुरू आकाशात असेल अशा काळात दुर्बीण भिंतीवर किंवा गाडीच्या टपावर टेकवून धरा, हातात धरली तर चित्र थरथरतं. गुरूची पिटुकली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत सुईच्या टोकाएवढे ठिपके दिसतील. वहीत एक गोल काढा, ठिपके जिथे दिसले तिथे टाका, तारीख आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी परत. ठिपके जागा बदलतात, कधी चार असतात, कधी तीनच, एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेला असतो. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केलं आणि आठवडाभरात त्याला कळून चुकलं की हे गुरूभोवती फिरताहेत. या चौघांत सगळ्यात आतला आयो ४२ तासांत फेरी मारतो आणि सगळ्यात बाहेरचा कॅलिस्टो सुमारे १७ दिवसांत. तीन आठवड्यांचा मुक्काम त्याला नेमका पुरतो. घरी एवढ्या संध्याकाळी सलग कोणाला मिळतात?

अंधारातली दुसरी गंमत रेडिओची. हल्ली कोणी सुचवत नाही, पण मीडियम आणि शॉर्ट वेव्ह असलेला छोटा रेडिओ बॅगेत असावा असं माझं ठाम मत आहे. दिवसा मीडियम वेव्हवर जवळचीच केंद्रं लागतात, कारण आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वात खालचा थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर जवळपास नाहीसा होतो, लहरी वरच्या थरांवरून परततात आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं खरखरत का होईना ऐकू येतात. शॉर्ट वेव्हवर रात्री १० मेगाहर्ट्‌झच्या खालचे पट्टे चाळा, दिवसा वरचे. पत्र्याच्या केबिनमध्ये राहत असाल तर आत काहीच लागणार नाही, खिडकीत किंवा बाहेर या. मीडियम वेव्हवर रेडिओ हळूहळू गोल फिरवा, आतला अँटेना दिशेप्रमाणे आवाज कमी-जास्त करतो. मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे बंद केले तर निम्मी खरखर जाते. न कळणाऱ्या भाषेतलं बातमीपत्र ऐकत कोणता देश असेल याचा अंदाज बांधणं हा तिघांत खेळायचा उत्तम खेळ आहे. सीमाभाग असेल किंवा संवेदनशील प्रकल्प असेल तर रेडिओ आणि दुर्बीण दोन्हींबद्दल आधी विचारून घ्या.

माणसांबद्दल एक युक्ती सांगतो. ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारू नका. कुठेही विचारा, ‘काही नाही हो इथे’ हेच उत्तर मिळतं, कारण रोज बघितलेलं माणसाला बघण्यासारखं वाटत नाही. त्याऐवजी ‘संध्याकाळी तुम्ही फिरायला कुठल्या बाजूला जाता?’ असं विचारा, किंवा ‘हे यंत्र यायच्या आधी इथे काय होतं?’ मग रस्ता कळतो, कुत्री कुठे सुटी असतात ते कळतं, कोणत्या टेकडीवर रेंज येते तेही कळतं. ड्रायव्हर, वॉचमन आणि गेस्ट हाऊस सांभाळणारा माणूस, या तिघांशी पहिल्याच दिवशी नावानिशी ओळख करून घ्या. ती पुढे अडचणीतही उपयोगी पडते.

फिरायला जाताना उजेडाचा हिशेब पक्का ठेवा. ‘सूर्याखाली चार बोटं म्हणजे एक तास’ असं सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. आकाश तासाला १५ अंश सरकतं आणि विषुववृत्ताच्या आसपास सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे एक अख्खी मूठ शिल्लक असली तरी हातात ४० मिनिटंच असतात. मावळल्यानंतरचा कामापुरता उजेड तिथे २०-२५ मिनिटांत संपतो. विषुववृत्तापासून जितके लांब, तितका सूर्य तिरका उतरतो आणि उजेड रेंगाळतो. चढ असेल तर नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम अजून चालतो: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि त्यात दर १० मीटर चढाला एक मिनिट जास्त. दिवसभर साइटवर उभे राहिलेले पाय असतील तर यात आणखी भर घाला. कुठे जातो आणि कधी परततो हे सांगूनच निघा. डोक्याला लावायचा टॉर्च बरोबर घ्या, मोबाइलच्या बॅटरीवर फिरायला जाऊ नये.

वाचनाबद्दल माझं मत जरा निराळं आहे. वर्षानुवर्षं राहून गेलेलं जाडजूड पुस्तक दौऱ्यावर वाचू, असं सगळे ठरवतात. ते पुस्तक जसंच्या तसं परत येतं. अंगमेहनतीच्या दिवसानंतर डोकं अर्ध्या तासाचंच धनी असतं. कथासंग्रह न्या, प्रवासवर्णन न्या, कुठूनही उघडता येतील असे लेख न्या. त्यातलं एक तरी कागदी असू द्या, वीज गेली की त्याची किंमत कळते. आणि पहिल्या रात्री कशाचाच बेत करू नका. नव्या जागी पहिली झोप कच्ची लागते आणि त्यात मनाचे खेळ काही नसतात: अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळलं की पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही आणि बारीक आवाजालाही लवकर दाद देतो. खोलीत कसले आवाज येतात, पंप कधी चालू होतो, दार कुठे वाजतं, हे झोपण्याआधीच बघून घेतलं तर बरं पडतं. कानात घालायचे बोळे बॅगेत हवेतच.

दोन सहकारी सोबत आहेत, ही सोय आहे आणि कसोटीही. दिवसभर तीच तोंडं, संध्याकाळी तीच, खोलीतही तीच. म्हणून रोज प्रत्येकाला एक तास एकट्याचा मिळेल असं पहिल्याच दिवशी उघडपणे ठरवा. न ठरवता कोणी उठून गेलं तर तो रुसला असं वाटतं, ठरवून गेलं तर काही वाटत नाही. पत्त्यांचा जोड न्या, दोघांत, तिघांत आणि एकट्यालाही चालतो. पैसे लावून खेळू नका. रक्कम छोटी असली तरी दुसऱ्या दिवशी साइटवर त्याच माणसाच्या भरवशावर शिडी चढायची असते. दारूबद्दल एवढंच म्हणेन की साइटचे नियम आधी बघा, आणि सकाळी उंचीवर किंवा विजेजवळ काम असेल तर विषयच काढू नका.

घरी बोलायचं वेळापत्रक कच्चं ठेवू नका. ‘रोज रात्री नऊला फोन करतो’ असं कबूल केलं आणि रेंज गेली की तिकडे काळजी, इकडे तगमग. ‘फोन जमला तर करीन, एसएमएस मात्र रोज येईल, दोन दिवस काहीच आलं नाही तर ऑफिसला विचारा’ असं सांगून निघा. रेंजची एकच कांडी असली तरी एसएमएस बहुधा जातो, इंटरनेटवरचा मेसेज लटकतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं मावतात, रोमन लिपीत १६०, आणि देवनागरीत काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. लांब मेसेजचे तुकडे होतात आणि एक तुकडा अडकला की अख्खा अर्थ जातो. म्हणून आटोपशीर लिहा.

राहिला सबंध रिकामा दिवस. सुट्टीचा ठरलेला दिवस असेल तर वर सांगितलेल्यातलं काहीही लांबवता येतं. सकाळी कपडे धुणं, खोली आवरणं, आठवड्याचा रिपोर्ट लिहून टाकणं, आणि दुपारनंतर लांब फेरफटका. अवघड असतो तो न ठरलेला दिवस: दरड कोसळली, पूर आला, विमान उडालं नाही आणि उद्या उडेल की परवा ते कोणी सांगत नाही. अशा वेळी ताससुद्धा तुकड्यांत मोडतात, सगळे दर अर्ध्या तासाने खिडकीशी जातात. याला उपाय म्हणजे चौकशीची वेळ बांधून घेणं: सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि तीही एकानेच करायची. मधल्या वेळात हाताला एकत्र काम हवं. अंटार्क्टिक मोहिमेचा नेता शॅकल्टन याचं जहाज ‘एन्ड्युरन्स’ जानेवारी १९१५ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं आणि ऑक्टोबरमध्ये ते सोडून द्यावं लागलं, तेव्हा प्रत्येकाला खासगी सामान सुमारे ९०० ग्रॅमच ठेवायची मुभा होती. तरी हवामानतज्ज्ञ हसी याचा बँजो मात्र शॅकल्टनने बरोबर घ्यायला लावला, वजनाची तमा न बाळगता. लोकांचं मन ताळ्यावर ठेवायला तो लागेल असा त्याचा हिशेब होता. तुमच्यापैकी कोणाला काही वाजवता येत असेल, बासरी असो की माउथ ऑर्गन, तर ते सामानातून वगळू नका.

सामानाचंच निघालं आहे तर विजेचं बघून घेऊ. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि १०० वॉट-तासांपर्यंतचीच सहसा विनापरवानगी नेता येते. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-तासांची असते, ती बिनधास्त न्या. मात्र छापलेल्या आकड्याच्या साठ-पासष्ट टक्केच फोनला मिळतं, बाकीचं विजेचा दाब बदलण्यात आणि उष्णतेत जातं. मल्टिप्लग न्या, गेस्ट हाऊसमध्ये तिघांना मिळून एक चालू सॉकेट असतो.

फोनमध्ये काय भरायचं? ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारं एखादं ॲप आणि त्या भागाचा नकाशा, किविक्स या नेटशिवाय चालणाऱ्या वाचन-ॲपवर मराठी विकिपीडिया, तारे ओळखायचं एक ॲप, कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’ या पक्षी ओळखायच्या ॲपमध्ये त्या प्रदेशाच्या पक्ष्यांची फाइल. जीपीएसला मोबाइल रेंज लागत नाही, उपग्रहांचे संदेश थेट मिळतात. पण नेटची मदत नसल्याने पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात, मोकळ्या आकाशाखाली थांबून वाट बघा. सिनेमे-मालिकांच्या डाउनलोडला अनेक सेवांमध्ये मुदत असते, आणि काहींत तर एकदा बघायला सुरुवात केली की ४८ तासांत ती संपते. म्हणून ते निघायच्या आदल्या रात्रीच उतरवून घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि एकेक ॲप, एकेक फाइल उघडून बघा (बघायला सुरुवात केली की मुदत संपणारे सिनेमे-मालिका सोडून). जे तेव्हा उघडणार नाही ते साइटवरही उघडणार नाही, आणि दुरुस्त करायला तुमच्याकडे त्या रात्रीपुरतंच नेट आहे.